थळच्या स्लॅबची वाळू

वस्ताद, आज सकाळी आठपासून मी थळच्या शेठच्या बंगल्याच्या पडवीत टेबल मांडून माणसं तपासली, आणि एकावरही माझा धड विश्वास बसला नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होऊन गेली, म्हणून हे सांगावं लागतंय. नाहीतर माझा स्वभाव तुमच्याइतका कोणाला ठाऊक होता? आता दुपारचे तीन वाजलेत. आलेली मंडळी अलिबागच्या मोटारीने परत गेली. एकच माणूस मागच्या विहिरीपाशी उंडीच्या झाडाच्या सावलीत बसून राहिलाय. त्याला माझ्याकडून एक कागद हवाय. तो द्यावा की देऊ नये हे मला ठरवता येत नाही, आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय ते ठरणारही नाही, म्हणून लिहायला घेतलंय.

मुंबईच्या आमच्या आर्किटेक्ट साहेबांच्या ऑफिसने पेपरात जाहिरात दिली होती. समुद्राकाठी राहून या बंगल्याची दुरुस्ती करून घेईल असा एक जाणता माणूस हवा. एका जागेला त्रेपन्न अर्ज! त्यात डिप्लोमावाले किती ते विचारूच नका. नकाशे काढायला शिकलेली पोरं आज मुंबईत विम्याच्या पॉलिश्या विकत फिरतात, दुकानांच्या पाट्या रंगवतात, आणि संध्याकाळी आमच्या ऑफिसच्या जिन्यात उभी राहून विचारतात, "साहेब, काही आहे का?" इकडे आमचे साहेब रोज कपाळाला हात लावून म्हणतात, "माणसंच मिळत नाहीत हो!" दोघंही खरं बोलतात, आणि म्हणूनच मला दोघांचाही संशय येतो. नकाशे काढणारे ढिगाने आहेत. भिंत उभी राहताना तिच्या पोटात काय भरलं जातंय हे कळणारा औषधालाही सापडत नाही. सकाळी एकाने तीन सर्टिफिकिटं पुढे केली. तीन साहेबांच्या तीन सह्या, शाई मात्र एकच, आणि तिन्ही सह्यांची शेपटी एकाच बाजूला वळलेली. मी म्हटलं, "हे तिघे साहेब एकाच टाकाने लिहितात वाटतं?" तो गोरामोरा झाला. दुसरा म्हणाला, मी कोकणातलाच, समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेला. खोदून विचारलं तर गाव घाटावरचं निघालं, आजोळ तेवढं पेणला. आता पेणला समुद्र कुठून आणायचा? तिसऱ्याने आल्याआल्या वाकून माझ्या पायाला हात लावला. त्याचा तर मला सगळ्यांत जास्त संशय आला.

हा संशय मला शिकवला कोणी? तुम्हीच. मॅट्रिकला गणितात गचकलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा घोडा होतो. वडील नव्हते. मामा आईला म्हणाला, "चौलच्या मिस्त्रीकडं धाड याला, हातात थापी तरी यंल." तुम्ही चौलचे पिढीजात गवंडी. रेवदंड्यापासून मांडव्यापर्यंत कोणती भिंत कोणी बांधली हे तुम्ही नुसता हात फिरवून सांगायचात. पहिले दोन आठवडे तुम्ही मला थापीला शिवूच दिलं नाही. नुसता बाजूला उभा केलात आणि म्हणालात, "वीट आली, वाजवून बघ. चुना आला, नखावर घेऊन बघ. मचवेवाला शपथा घालाय लागला, तं दोनदा बघ." मी आगाऊपणा केला, "आणि मालकच शपथ घालायला लागला तर?" तुम्ही पानाची पिंक टाकलीत आणि म्हणालात, "तं हत्यारं गोळा कर नि घरी जा." सगळे गवंडी हसले, मीही हसलो. मला वाटलं, काय हा माणूस, कोणावर म्हणून भरवसा नाही याचा!

नागोठण्याच्या वरच्या अंगाची, गोड्या पाण्याची वाळू मचव्यातून यायची. मचवा बंदराला लागला की तुम्ही लुंगी खोचून गुडघाभर पाण्यात जाता, ढिगाच्या तळातून चिमूटभर वाळू काढता, बिस्मिल्ला म्हणून जिभेवर ठेवता आणि डोळे मिटता. मचवेवाले, गवंडी, बिगारी सगळे गप्प. तुम्ही मान हलवलीत की माल उतरायचा, नाहीतर मचवा भरल्या पोटी परत. खाऱ्या वाळूने भिंतीला लोणा लागतो, गिलावा पापडासारखा फुगून सुटतो, आणि अशी एकही भिंत तुमच्या नावावर नव्हती. एका जुम्म्याला तुम्ही नमाजाला जाताना मला म्हणालात, "मचवा यंल, बघून उतरवून घे." मी काय केलं? बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता, पोरीबाळी उभ्या होत्या, आणि चारचौघांत वाळू तोंडात घालायची मला लाज वाटली. दिसायला वाळू पिवळीधमक होती. घेतली उतरवून. तुम्ही परत आलात, ढिगात हात घातलात, जिभेला लावलीत, आणि मूठ माझ्या तोंडाशी धरलीत. "खा." मी खाल्ली. शी! खारटढाण. मी थुंकायला वाकलो तर तुम्ही माझी हनुवटीच धरलीत. "थुकू नको. गीळ. ह्यी चव मरंपावतो याद ऱ्हायली पायजे. जी तोंडाला नको ती भितीला बी नको." बंदरावर हशा पिकला. पोरीही हसल्या. मी गिळली. तो मचवा कोणाचा होता, आठवतं ना? तुमच्या सख्ख्या पुतण्याचा. माझ्याच वयाचा तो, नुकताच स्वतःचा मचवा घेऊन वाळूच्या धंद्यात पडला होता. पोरगं गयावया करत होतं, "चाचा, येक डाव घ्या!" उतरवलेली सगळी वाळू तुम्ही त्याच्याकडूनच पुन्हा मचव्यात भरून घेतलीत. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे कामाच्या वेळी मात्र हे मला आठवलं नाही, किंवा मी आठवू दिलं नाही.

त्या संध्याकाळी माझा घसा खरवडून निघाला होता. तुमच्या घरचं पाणीसुद्धा मी तोवर प्यालेलो नव्हतो. आईने बजावून धाडलं होतं, आणि तुम्हीही कधी आग्रह केला नव्हता. मी आपला ओटीवर बसून खोबऱ्याचा तुकडा आणि गूळ चघळायचो. चाचींना बंदरावरची गोष्ट कळली आणि त्या तुमच्यावरच तुटून पडल्या. "पोराला वाळू चारलीव? तुमाला काय अक्कल? ये रे तू आत, बस हितं." चुलीच्या उबेला पाट, पाटासमोर तांदळाची भाकरी आणि नारळाच्या रसातलं कोलंबीचं कालवण. मी ताटाकडे बघतोय, ताट माझ्याकडे बघतंय. तुम्ही उठलात आणि दाराकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ फिरवून जेवायला बसलात. मला वाटलं, यांना माझं तोंडही बघायचं नाही. आता मी स्वतः चार पोरांचा बाप आहे, तेव्हा कळतं, मी खाल्लं की नाही हे तुम्हाला दिसू नये म्हणून तुम्ही पाठ फिरवली होती. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. आईला हे शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तीन वर्षांनी एक दिवस तुम्ही माझ्या हातातली थापी काढून घेतलीत. मी रचलेला कोपरा तुम्ही ओळंब्याने पाहिलात, नाक मुरडलंत आणि म्हणालात, "तुजा हात थापीला बसत न्हाय. पेन्सिलीला बसतो. मुंबईला जा." मी कोळशाने भिंतीवर कमानी काढायचो, त्या तुम्ही चोरून बघत होतात हे मला माहीतच नव्हतं. निघताना तुम्ही मला तुमचा पितळी ओळंबा दिलात, तुमच्या वडिलांच्या हातचा. मी काय विचार केला सांगू? म्हटलं, पुतण्याला पुढे काढायचंय म्हणून मला वाटेतून दूर करतायत. आणि याहून लाजिरवाणं सांगतो. मुंबईला पोचल्यावर तो ओळंबा मी एका लोहाराकडच्या नव्या ओळंब्याशेजारी टांगून पाहिला. म्हटलं, आपला खोटा ओळंबा तर नाही ना माझ्या गळ्यात बांधला म्हाताऱ्याने! दोन्ही दोऱ्या एका रेषेत होत्या. लोहार म्हणाला, "दादा, काय हरवलं काय?" मी म्हटलं, काही नाही.

मुंबईत रात्रीच्या वर्गात नकाशे काढायला शिकलो आणि साहेबांच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून चिकटलो. ट्रेसर म्हणजे दुसऱ्याच्या नकाशावर पारदर्शक कापड टाकून त्याच्याच रेषा गिरवायच्या. अशी तीन वर्षं गिरवली. माझ्या शेजारच्या टेबलावर डिप्लोमावाला होता, गोरापान, इंग्रजी फाडफाड बोलणारा, आणि काम आटलं होतं. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून स्पष्ट सांगितलं, पावसाळ्यानंतर एकच टेबल राहील. त्याच सुमाराला हा थळचा बंगला आला. काँक्रीटचा स्लॅब, सगळ्या किनाऱ्यावर तेव्हा नवलाई. साहेब म्हणाले, "तू तिकडचा, तू जा. पावसाआधी स्लॅब पडला तर टेबल तुझं." आई गावाला एकटी, माझं लग्न ठरलेलं. तुम्हाला काय सांगायचं, तो स्लॅब म्हणजे माझं सगळं आयुष्य होतं. मी इथे येऊन सळ्या बांधून घेतल्या, फळ्या ठोकून घेतल्या, आणि आभाळाकडे बघत बसलो.

वैशाख सरत आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट ओतायचं होतं, म्हणून साहेब आणि शेठ दोघे रेवसच्या बोटीने पाहायला आले. कंत्राटदाराने आणलेली वाळू कुंपणात पडलेली. आणि तेवढ्यात तुम्ही आलात. चौलहून पायी, हातात काठी, डोक्यावर धुतलेली टोपी. फाटकावरच्या माणसाला तुम्ही म्हणालात, "माज्या पोराचं काम बघाय आलोय." मी ऐकलं, वस्ताद. ऐकून मला आनंद झाला नाही, भीती वाटली. साहेबांसमोर हा आता काय बोलेल! तुम्ही ना बंगला पाहिलात ना मला; सरळ वाळूकडे गेलात, तळात हात घातलात, जिभेवर ठेवलीत. मग म्हणालात, "ही नदीची न्हाय. खाडीच्या तोंडाची हाय. ह्यात लोखंड घातलंव तं लोखंड कुजल." कंत्राटदार लगेच पुढे झाला, "शूं बोलता, चाचा? एकदम मीठी रेती छे, साहेब, नदीनी!" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू इथला. तुझं मत काय?" तुम्ही नवी चिमूट घेतलीत आणि हात माझ्यापुढे धरलात. "चाख."

माझ्या गळ्यात टाय होता, पायात बूट होते, आणि शेठ मिशीत हसत होता. दुसरी वाळू मागवायची तर मचवा यायला पंधरा दिवस, म्हणजे पाऊस दारात, म्हणजे टेबल डिप्लोमावाल्याचं. हे एकीकडे. आणि दुसरीकडे माझं ते कुजकं डोकं. ते म्हणालं, ही वाळू नापास झाली की दुसरी आणणार कोण? याचा पुतण्याच की! म्हातारा उगाच नाही चौलहून तंगडतोड करत आला. मी साहेबांना म्हटलं, चांगलं मोठ्याने म्हटलं, "साहेब, यांच्या पुतण्याचा वाळूचा मचवा आहे. त्याचा माल खपवायचाय यांना." अजून ते वाक्य माझ्या कानात आहे. शेठ म्हणाला, "अस्सं होय!" तुमचा हात तसाच पुढे होता. तुम्ही तो मागे घेतलात, ती चिमूट स्वतःच्या तोंडात टाकलीत, गिळलीत आणि काठी उचललीत. मला वाटलं शिव्या द्याल. तुम्ही एवढंच म्हणालात, "ओळंबा हाय ना रे नीट?" आणि फाटकाबाहेर गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅब पडला, आठवड्याने पाऊस पडला. टेबल मला मिळालं. डिप्लोमावाला गेला, मागे एकदा तो एका दुकानाच्या गल्ल्यावर दिसला, मी रस्ता बदलला. पुढे मंदीत निम्मं ऑफिस घरी बसलं, मी टिकलो, आणि लोक म्हणाले, हा मोठा सावध माणूस. तुमचं काय झालं ते मला तुकड्यातुकड्याने कळलं. शेठने आपल्या बंगलेवाल्या दोस्तांना सांगितलं की तो चौलचा म्हातारा आपल्या माणसांचा माल खपवतो. कोणी तुम्हाला पायासुद्धा पाहायला बोलावलं नाही. ज्या माणसाने सख्ख्या पुतण्याचा मचवा परत धाडला, त्याच्या नावाला हा डाग! पुढच्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात. मी मातीला आलो नाही. साइटचं काम आहे असा निरोप धाडला. साइटचं काम नव्हतं, मी दिवसभर घरी पंचांग चाळत बसलो होतो.

बंगला सहा-सात वर्षं ऐटीत उभा राहिला. मग स्लॅबच्या पोटाला तांबूस रेघा दिसू लागल्या. आतल्या सळ्या गंजून फुगल्या, आणि यंदाच्या श्रावणात हातभर गिलावा सुटून थेट झोपाळ्यावर पडला. नशीब, झोपाळ्यावर कोणी नव्हतं; शेठची नात नुकतीच उठून गेली होती. आता शेठ कोर्टाची भाषा बोलतो. साहेबांनी मला दोन कामांसाठी धाडलंय, कारण शोध आणि दुरुस्तीला माणूस शोध. त्या दिवशीच्या म्हाताऱ्याबद्दल साहेब चकार शब्द काढत नाहीत. ते खरंच विसरलेत की विसरल्याचं सोंग करतायत, याचाही मला संशय आहे.

म्हणून आज सकाळी मी टेबलावर दोन परातींत वाळू ठेवली. एक नदीची, एक या समोरच्या किनाऱ्यावरची, दोन्ही चाळून सारख्या केलेल्या. येईल त्याला विचारलं, "यातली कोणती घ्याल?" एकाने बोटांत चोळली आणि पुस्तकातला उतारा म्हणून दाखवला. एक म्हणाला, मुंबईला पाठवून तपासून घेऊ. बरोबरच आहे त्याचं, पण मचवा बंदरात थांबणार आहे का तोवर? एकाने तर परातीकडे न बघता माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेबांना कोणती पसंत आहे?" हुशार पोरगं, पुढे जाईल. त्याला पहिल्यांदा बाद केला. अर्ज त्रेपन्न, आणि जीभ एकालाही नाही. तुमच्यासारख्यांना फाटकाबाहेर घालवून आम्ही आता जाहिराती देतोय की जाणता माणूस मिळत नाही.

सगळ्यांत शेवटी एक माणूस आला, हातात ना अर्ज ना सर्टिफिकीट. दाढी अकाली पिकलेली, माझ्याच वयाचा. त्याने न विचारता पहिल्या परातीतली चिमूट घेतली, पुटपुटला, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. मग दुसरीतली. "ही गोडी. ही खारी," म्हणाला, आणि गिळून टाकली. थुंकला नाही. चेहरा ओळखण्याआधी मला ते डोळे मिटणं ओळखू आलं. तुमचा पुतण्या! पूर्वी मला अरेतुरे करणारा, आज 'साहेब' म्हणाला. मी लगेच सावध झालो. "नोकरीसाठी आलास?"

"दिलीव तं करीन, साहेब. पोट कुनाला सुटलंय? पन मी त्याच्यासाटी न्हाय आलो. तुमी त्या दिशी माजा मचवा काडलावता ना शेठसमोर?" मी परात बाजूला सारली. तो म्हणाला, "माजा मचवा मी त्याच्या आदल्या दिवाळीलाच इकला व्हता. धंदा बसला. मी तवा बसऱ्याला व्हतो, गोदीवर. चाचांना माजी वाळू खपवायची व्हती म्हनता, तं वाळू व्हती कुटं माज्याकडं?" खरं सांगतो, वस्ताद, हे मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं. थळच्या बंदरावर एका कोळणीला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. प्रत्येक वीट वाजवून घेणारा मी, आणि तुमच्यावर ठेवलेला आळ मी न वाजवताच भिंतीत बसवला.

"मग आता काय हवंय?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच होता माझा. तो शांतपणे म्हणाला, "माजा पोरगा गवंडीकाम करतो. लोक अजून म्हनतात, त्या खोटारड्याच्या घरातला. दोन वळी लिवून द्या, साहेब, तुमच्या सहीनं. वाळू खारी व्हती, आनि चाचा खरं बोलले व्हते. मी मशिदीत वाचून दाखवीन. दुसरं काय नको." मी म्हटलं, बस जरा, बघतो. तो जाऊन विहिरीपाशी बसलाय. मघाशी मी खिडकीतून डोकावलो, तर रहाटाची सुटलेली दोरी बांधत होता. आणि माझं डोकं पुन्हा सुरू झालं. याला शेठच्या वकिलाने तर नाही पाठवला? हा कागद मशिदीत जाईल की कोर्टात? कोर्टात गेला तर साहेब मला घरी बसवतील, आणि माझ्या खुर्चीला आज त्रेपन्न जण टपलेत. चार पोरं, त्यातली मोठी अजून शाळेत. कामाला बाहेर पडावं तर या वयात ट्रेसर म्हणूनही कोणी घेणार नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते हे. दहा वर्षांनीसुद्धा तुमच्या घरच्या माणसाकडे मला सरळ बघता येत नाही.

शेवटी आत्ता, हे पत्र बाजूला सारून, मी त्या दोन ओळी लिहिल्या. 'वाळू खारी होती. चौलच्या मिस्त्रींनी तसं बजावलं होतं, त्यात त्यांचा काही स्वार्थ नव्हता, त्यांच्यावर आळ घेण्यात माझी चूक झाली.' खाली सही केली. सहीवर टिपकागद दाबला. तुमचा ओळंबा टेबलावर आहे, त्याच्याखाली तो कागद ठेवलाय, वाऱ्याने उडू नये म्हणून. हे पत्र संपलं की मी विहिरीपाशी जाऊन तो त्याच्या हातात देणार आहे, आणि नोकरीही त्यालाच देणार आहे, मग साहेब काय म्हणायचं ते म्हणोत. एवढं मला जमेल असं वाटतं. चुकलो म्हणायला फारसं लागत नाही. चूक कोणाच्याही हातून होते, लोक माफ करतात.

पण त्या कागदावर तिसरी एक ओळ यायला हवी होती, आणि ती काही केल्या हातातून उतरेना. दोनदा टाक बुडवला, दोनदा शाई वाळली. म्हणून ती इथे लिहितो, कारण हा कागद कुठेच जायचा नाही, मी त्याची घडी घालून अर्जांच्या गठ्ठ्याखाली ठेवणार आहे. त्या दिवशी तुम्ही फाटकाबाहेर गेलात, साहेब आणि शेठ चहाला आत गेले, कंत्राटदार त्यांच्यामागे गेला. मी वाळूच्या ढिगाशी एकटा होतो. स्लॅब पडायला अजून आख्खी रात्र बाकी होती. मी वाकलो, तळातून चिमूट काढली आणि चाखली, वस्ताद. खारी होती. मी ती थुंकून टाकली, आणि आत जाऊन साहेबांना सांगितलं की वाळू चांगली आहे.